जुन्या गणकयंत्रांचे संग्रह व जागेचा प्रश्न

प्रस्तुत लेखाचा मथळा वाचून या त्रैमासिकाचे नेहमींचे वाचक क्षणभर थबकतील, याची आम्हांस कल्पना आहे. जेथें ताम्रपट, सनदा, महजर व पोथ्यांच्या पुष्पिका यांची चर्चा चालावयाची, तेथें गणकयंत्रांचें, म्हणजे हल्लीं ज्यांस संगणक म्हणतात त्यांचें, काय प्रयोजन? परंतु एका पोथी-यादीच्या निमित्तानें या विषयाशीं आमचा जो संबंध आला, त्यावरून आमची अशी खात्री झाली आहे कीं, गेल्या चाळीस वर्षांत महाराष्ट्रांत जें लेखन यंत्रावर झालें त्यापैकीं बरेंच वाचावयाचें तर पुढील संशोधकास आधीं जुनें यंत्र हुडकावें लागेल. आणि तीं यंत्रें तर, केवळ ठेवावयास खोली नाहीं एवढ्याच कारणानें, आपल्या डोळ्यांदेखत भंगारांत जात आहेत. आमच्या यादीची हकीकत प्रथम सांगतों.

वर्धा जिल्ह्यांतील आर्वी व आष्टी या तालुक्यांचा भाग वर्धा नदीच्या अलीकडचा. नदी ओलांडली कीं अमरावती जिल्हा लागतो, व त्यांतच श्रीगोविंदप्रभूंचें स्थान जें रिद्धपूर तें आहे. त्यामुळें अलीकडच्या गांवांतूनही महानुभावी पोथ्या कित्येक घरीं होत्या. शिवाय भिक्षुकांच्या घरच्या वैदिक व पौराणिक पोथ्या निराळ्याच. १९९२ ते १९९८ या सहा वर्षांत आम्ही व आमचे एक सहाध्यापक (ते आतां हयात नाहींत) उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या सुटींत सायकलीवरून हिंडून या पोथ्यांची यादी केली. पोथीचें नांव, पानांची संख्या, पानावरील ओळी, आरंभ, शेवट, लेखकाचें नांव, शक व संवत्सर, आणि पोथी कोणाच्या घरीं पाहिली, इतकें प्रत्येक पोथीस एक याप्रमाणें कार्डावर टिपून घेत असूं. पोथी कोणी हातीं देत, कोणी दुरून दाखवीत. एका घरीं सोंवळ्याच्या पाटावर ठेवूनच ती आम्हांस उघडावी लागली, व पानें त्या घरच्या आजींनीं उलटलीं.

यादीचा पहिला भाग एका महाविद्यालयांतील संगणकावर टंकित झाला. त्या यंत्रांत देवनागरीसाठीं जिस्ट नांवाचें कार्ड बसविलेलें होतें. जिस्टचें मूळ काम कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें झालें व पुढें १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाल्यावर तें तिच्याकडे आलें. दुसरा भाग पुढें एका छापखान्यांत, त्या काळीं ज्यास डीटीपी म्हणत त्या पद्धतीनें, जुळविला. महानुभावी पोथ्यांतील कांहीं संकेतचिन्हें व जुन्या वळणाचे अंक नेहमींच्या टंकांत नसल्यामुळें तेथील एका हौशी कारागिरानें आमच्यासाठीं तीं अक्षरें मुद्दाम काढून एक स्वतंत्र टंक तयार केला होता. चार पृष्ठांची मुद्रितें निघालीं. पुढें पैशाअभावीं काम थांबलें. सर्व मजकूर चौदा फ्लॉपींवर उतरवून घेतला, आणि आतां तो सुरक्षित झाला अशा समजुतीनें कार्डांची पेटी आम्ही रद्दींत दिली. हा दोष सर्वस्वीं आमचा. त्याचें खापर दुसऱ्या कोणावर फोडण्याची आमची इच्छा नाहीं.

२००९ सालीं त्या महाविद्यालयास वर्गखोल्या कमी पडूं लागल्या, तेव्हां जुनीं यंत्रें ठेवलेली खोली रिकामी करण्यांत आली. छापखाना भाड्याच्या जागेंत होता. घरमालकानें घर पाडून नवी इमारत बांधावयास काढली तेव्हां टाइपाच्या केसी, कटिंग मशीन व संगणक एकाच दिवशीं एकाच गाडींत गेले. आमचा टंक त्या संगणकाच्या आंतील चकतीवर होता व अन्यत्र कोठेंही नव्हता. या दोन्ही गोष्टी आम्हांस फार उशिरां, सेवानिवृत्तीनंतर ट्रंकेंतील फ्लॉपी बाहेर काढल्या तेव्हां, कळल्या. तोंपर्यंत मूळ पोथ्यांची काय गत झाली होती? दोन घराण्यांनीं त्या नदींत सोडल्या होत्या. एका घरच्या पोथ्या फिरत्या व्यापाऱ्यानें नेल्या. एक वाडा विकला गेला, त्याच्या माळ्यावरील बासनाचें काय झालें हें वारसांपैकीं कोणासच सांगतां येईना. म्हणजे कित्येक पोथ्यांविषयीं आमची यादी हाच एक साक्षीदार उरला, व तो मुका झालेला.

संग्राहकांस हा प्रकार नवा नाहीं. दप्तर नष्ट होण्यास आग, वाळवी व लढाया जितक्या कारण झाल्या, तितकीच घराची वाटणीही झाली आहे. वाटणींत भांडीं मोजून घेतात, रुमाल कोणी घेत नाहीं. ज्या दप्तरास पक्की इमारत लाभली तें राहिलें; पेशवे दप्तर पुण्यास दगडी इमारतींत होतें म्हणूनच सरदेसायांस १९३० नंतर त्यांतून निवडीचे ४५ खंड काढतां आले. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं उभ्या आयुष्यांत मिळविलेला साताऱ्याचा संग्रह, ते १९२६ सालीं वारल्यानंतर, १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हलविण्यांत आला. हलवाहलवींत संग्रहाचें नुकसान होतें हें खरें. तथापि हलवावयास दुसरें ठिकाण होतें, हेंच त्याचें भाग्य. राजवाड्यांच्या संग्रहासाठीं धुळ्यास मंडळ उभें राहिलें, हेंही सर्वांस ठाऊक आहे. गणकयंत्रांस मात्र असें दुसरें ठिकाण नसतें. कागद निदान दिसावयास जुना दिसतो व जुना दिसला म्हणजे कोणा तरी जाणत्याचा हात आंखडतो. वीस वर्षांचें यंत्र पाहून तसा आदर कोणाच्याही मनांत उपजत नाहीं. तें नुसतें बिघडलेलें दिसतें.

आम्ही ज्या शाळेंत होतों तेथील उदाहरण सांगण्यासारखें आहे. १९८४ सालीं केंद्र सरकारनें शाळांतून संगणकाचा परिचय करून देण्याची क्लास नांवाची योजना काढली, व आरंभीं देशांतील सुमारें २५० माध्यमिक शाळांस इंग्लंडांतील एकॉर्न कंपनीचें बीबीसी मायक्रो हें यंत्र दिलें. पुढें तीं आमच्याही शाळेंत आलीं. या यंत्राची स्मरणशक्ति ३२ किलोबाइट, म्हणजे अमरकोशाचें एक कांडही तींत पुरतें मावलें असतें कीं नाहीं याची शंकाच आहे. तरी यंत्रांच्या खोलींत पादत्राणें काढून जावें लागे व खिडकीस पडदे होते. दहा वर्षांनीं तीं कोणी वापरीनासें झालें. मग तीं खेळाच्या सामानाच्या खोलींत गेलीं, तेथून प्रयोगशाळेच्या कपाटावर. पुढें शालेय पोषण आहाराच्या तांदुळाचीं पोतीं ठेवावयास जागा हवी झाली, तेव्हां डेडस्टॉकच्या नोंदवहींत त्यांचें रीतसर निर्लेखन होऊन तीं वजनावर विकलीं गेलीं. मुलांच्या तांदुळापेक्षां जुन्या यंत्रांस अधिक मान द्यावा असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस त्या वेळीं झालें नाहीं, व आजही होणार नाहीं. निर्लेखनाच्या कागदावर आमचीही सही आहे.

हल्लीं तर कायद्यानेंही तीच वाट आखून दिली आहे. विद्युत-कचऱ्याचे नियम २०१२ सालापासून अमलांत आले, व २०२२ चे सुधारलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांप्रमाणें मोठ्या संस्थांनीं टाकाऊ यंत्रें नोंदणी केलेल्या व्यावसायिकांसच द्यावयाचीं आहेत. या यंत्रांत शिसें व दुसरीं विषारी द्रव्यें असतात, उघड्यावर जाळून तांबें काढणाऱ्या गरीब माणसांचा त्यांत बळी जातो, म्हणून हे नियम योग्यच होत. परंतु निर्लेखन करणाऱ्या कारकुनापुढें जो छापील नमुना असतो, त्यांत ‘जतन करण्यायोग्य’ असा रकाना आम्हीं तरी पाहिला नाहीं.

प्रारंभींच्या काळीं कित्येक यंत्रें तर येथें उरण्यासाठीं आलींच नव्हतीं. मुंबईंत एस्सो या तेलकंपनीकडे १९६१ सालीं आय.बी.एम. १४०१ हें यंत्र बसलें. अशीं यंत्रें कंपनी विकत नसे, भाड्यानें देई. भाड्याची वस्तु जडसंग्रहांत चढत नाहीं, कालांतरानें कोणाच्या माळ्यावर सांपडत नाहीं, व तिचा वारसही कोणी नसतो. पुढें १९७८ सालीं ती कंपनीच कांहीं वर्षांपुरती हा देश सोडून गेली.

जें यंत्र आपलें स्वतःचें होतें त्याची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं, त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं असें यंत्र पूर्वीं हाताळलेलें नसतां, प्रथम १९५६ सालीं एक लहान प्रायोगिक यंत्र चालूं केलें व १९६० च्या फेब्रुवारींत पूर्ण आकाराचें गणकयंत्र कामास लावलें. १५ जानेवारी १९६२ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्ते संस्थेच्या कुलाब्याच्या इमारतीचें उद्घाटन झालें, त्या प्रसंगीं यास टिफ्रॅक हें नांव मिळालें. त्यांत २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड व १२,५०० रोधक होते. स्मृतीसाठीं चुंबकीय कड्यांची योजना असून तींत प्रत्येकीं ४० अंकचिन्हांचे २,०४८ शब्द राहत. यंत्राचा मुख्य सांगाडा १८ फूट लांब, अडीच फूट रुंद व ८ फूट उंच, पोलादाचा. १९६४ सालीं संस्थेंत सीडीसी ३६०० हें अमेरिकन यंत्र आलें आणि टिफ्रॅकचें काम संपलें. चार-पांच वर्षांची कारकीर्द! आज भारतांत बांधलेल्या या पहिल्या मोठ्या गणकयंत्रासमोर उभें राहून तें चालतांना पाहावें म्हटलें तर पाहावयास मिळत नाहीं.

याच्याच पिढींतील, किंबहुना याहून थोरलें, ऑस्ट्रेलियांतील सिझरॅक हें यंत्र घ्या. तें १९४९ सालीं सिडनीस चालूं झालें, १९५५ सालीं मेलबर्नला नेलें व १९६४ सालींच बंद झालें. म्हणजे निवृत्तीचें साल दोघांचें जवळजवळ एकच. पण तें तेथील वस्तुसंग्रहालयानें घेतलें व कित्येक वर्षें गोदामांत ठेवलें. कोणी तें पाहावयास येत नव्हतें, कोणी त्यावर लिहीत नव्हतें. फक्त गोदामाची जागा त्यानें अडविली होती. त्या अडविलेल्या जागेमुळेंच पहिल्या पिढीच्या यंत्रांपैकीं अखंड राहिलेलें यंत्र म्हणून आज जग त्याकडे बोट दाखवितें.

इंग्लंडांतील हार्वेल येथील यंत्राचा प्रवास एखाद्या भटक्या पोथीसारखा आहे. १९५१ सालीं तें अणुसंशोधन-संस्थेंत चालूं झालें. १९५७ सालीं निरुपयोगी ठरल्यावर, जें महाविद्यालय त्याचा उत्तम उपयोग सुचवील त्यास तें द्यावें अशी स्पर्धा लावून वुल्व्हरहॅम्प्टनला दिलें. तेथें १९७३ पर्यंत विद्यार्थी त्यावर शिकले. नंतर तें बर्मिंगहॅमच्या विज्ञान-संग्रहालयांत गेलें. १९९७ सालीं तें संग्रहालयच बंद झालें व अडीच टनांचें हें धूड सुटें करून नगरपालिकेच्या कोठारांत रचण्यांत आलें. पुढें कोठाराच्या एका छायाचित्रांत जाणत्या माणसाच्या नजरेस त्याचा एक भाग पडला. २०१२ च्या नोव्हेंबरांत ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक-संग्रहालयांत तें पुन्हां चालूं झालें. मेणवलीच्या वाड्यांत नाना फडणिसांच्या कागदांवर पारसनिसांची दृष्टि पडली, त्याच जातीची ही गोष्ट.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण अमेरिकेंतील सिॲटल शहराचें. मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनीं स्वतःच्या द्रव्यानें जुन्या संगणकांचें असें संग्रहालय उभारलें होतें कीं, तेथें यंत्रें कांचेआड न ठेवतां चालूं स्थितींत ठेवीत व कोणासही त्यांवर बसूं देत. २०१८ च्या ऑक्टोबरांत ॲलन वारले. २०२० सालीं साथीमुळें दारें बंद झालीं तीं पुन्हां उघडलीं नाहींत. २०२४ सालीं संग्रहालय कायमचें मिटल्याचें जाहीर होऊन त्यांतील निवडक वस्तु क्रिस्टीज या पेढीनें लिलावांत विकल्या. द्रव्याची वाण नव्हती, इमारतीचीही नव्हती. मालकाच्या पश्चात् त्या इमारतीवर संग्रहाचा हक्क कोणता, हें लिहून ठेवलेलें नसावें असें दिसतें. आपल्याकडील खासगी संग्राहकांनीं हें उदाहरण बारकाईनें पाहावें. पुत्रानें पोथ्या सांभाळल्या व नातवानें विकल्या, असे दाखले प्रत्येकाच्या परिचयाचे असतील.

येथें कोणी विचारील कीं, यंत्र गेलें तरी लेखन राहिलें म्हणजे झालें. यंत्राचा एवढा सोस कशास? यास इंग्लंडांतीलच एक उत्तर आहे. तेथें १०८६ सालीं राज्यांतील जमीन-जुमल्याची पाहणी होऊन डूम्सडे बुक नांवाचें दप्तर झालें. त्यास ९०० वर्षें झालीं म्हणून १९८६ सालीं बीबीसीनें लोकांकडून मजकूर व चित्रें गोळा करून नवें डूम्सडे तयार केलें व तें लेसरच्या चकत्यांवर भरलें. त्या वाचावयाचें यंत्र म्हणजे आमच्या शाळेंतील बीबीसी मायक्रोचाच थोरला भाऊ. पंधरा वर्षांत तीं यंत्रें दुर्मिळ झालीं व नवें दप्तर वाचतां येईना. अखेर २००२ च्या सुमारास लीड्स व मिशिगन येथील विद्वानांनीं जुन्या यंत्राचें सोंग नव्या यंत्राकडून वठवून तें वाचतें केलें. चर्मपत्रावरील १०८६ चें दप्तर मात्र जसेंच्या तसें आहे.

वर्ध्याजवळ पवनारास विनोबांच्या आश्रमांत भूमि खोदतांना ज्या वाकाटककालीन शिळा निघाल्या त्या दीड हजार वर्षें मातींत होत्या. महामहोपाध्याय मिराशी हेंच पवनार म्हणजे प्रवरसेनाचें प्रवरपूर असें मानीत. शिळेस थांबतां येतें. ताडपत्र व हातकागद यांसही, वाळवी व कसर यांपासून राखल्यास, कांहीं शतकें थांबतां येतें. यंत्रास तें शक्य नाहीं. आंत घड्याळासाठीं बसविलेली लहानशी बॅटरी पाझरून तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. विद्युत् सांठविणाऱ्या नळकांड्यांतील द्रव सुकतो. रबरी पट्टे चिकट गोळा होऊन बसतात. प्लास्टिक पिवळें पडून टिचतें. फ्लॉपीवर पावसाळ्यांत पांढरी बुरशी धरते, ती तशीच यंत्रांत घातल्यास चकतीही खरवडते व वाचणारें शीर्षही बिघडतें. वर्ध्याचा उन्हाळा पत्र्याच्या छपराखालीं काय करितो हें सांगावयास नको. म्हणून ‘तूर्त पडवींत ठेवा, पुढें पाहूं’ हा जो पोथ्यांच्या बाबतींत कसाबसा चालणारा उपाय, तो येथें चालत नाहीं. कोरडी, सावलीची व उंदीर नसलेली खोलीच लागते.

आणि वर्धा हें कांहीं यंत्रें जतन करण्यास अपरिचित असें गांव नव्हे. मगनवाडींतील मगन संग्रहालय महात्माजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजीं उघडलें. चरखा व ग्रामोद्योगाचीं साधनें हींही वस्तुसंग्रहालयांत ठेवण्याच्या योग्यतेचीं आहेत, हें तेथें मान्य झालें. सेवाग्रामास महात्माजींच्या कार्यालयांतील टेलिफोन आजही दाखवितात. तो जपला गेला याचें एक कारण तो महात्माजींचा, हें आहेच. पण दुसरें असें कीं, ज्या खोलींत तो होता ती खोलीच दुसऱ्या कामास दिली गेली नाहीं.

आतां आमच्या फ्लॉपींविषयीं. नागपुरास जुन्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या एका तरुणानें सव्वापांच इंची फ्लॉपी वाचणारें यंत्र हौसेनें जपून ठेवलें होतें, तेंही स्वतःच्या बिछान्याखालीं, कारण दुकानांत जागा नाहीं. पहिल्या भागाच्या नऊ फ्लॉपींपैकीं सहा पूर्ण वाचल्या गेल्या, दोन अर्धवट, एक बुरशीनें गेली. हा भाग जिस्टवर टंकित असल्यामुळें त्यांतील अक्षरें इस्की या संकेतांत होतीं. हा संकेत भारतीय मानक म्हणून १९९१ सालीं प्रसिद्ध झालेला असल्यानें त्याची किल्ली सर्वांस उपलब्ध आहे. त्यांत उच्चाराचा क्रम पाळला जातो. ‘कि’ लिहावयाचा तर आधीं ककार व मागून इकार. १८६ नोंदींपैकीं १३१ अशा रीतीनें हातीं आल्या.

दुसऱ्या भागाचा प्रकार उलटा झाला. साडेतीन इंची पांचही फ्लॉपी बिनचूक वाचल्या गेल्या, पण पडद्यावर उमटली ती रोमन अक्षरांची व विचित्र चिन्हांची खिचडी. डीटीपींत वर्ण सांठवीत नाहींत, आकृति सांठवितात. ‘कि’मधील वेलांटी डोळ्यांस आधीं दिसते म्हणून तेथेंही ती आधींच येते, आणि कोणत्या आकृतीस कोणता क्रमांक द्यावा हें टंक करणाराच्या मर्जीवर. नेहमींच्या टंकांचे तक्ते आज मिळतात व त्यांवरून युनिकोडांत रूपांतरही होतें. आमचा टंक जगांत एकाच यंत्रावर होता. सकळ लिपींतील पोथी किल्लीवांचून हातीं पडावी तशी आमची अवस्था झाली, आणि लिहिणारे मात्र आम्हीच!

तथापि ती लिपी जर राजवाड्यांनीं उलगडली, तर हा प्रयत्न करून पाहण्यास हरकत नव्हती. चार पृष्ठांचीं मुद्रितें सुदैवानें एका पंचांगांत घडी करून राहिलीं होतीं. तीं व त्यांच्याशीं जुळणारा फ्लॉपींतील मजकूर समोरासमोर मांडून आम्ही तक्ता करूं लागलों. सर्वांत अधिक वेळां येणारें चिन्ह काना, हें पहिल्याच दिवशीं निश्चित झालें. पण तोच काना अर्ध्या ‘त’, ‘न’, ‘म’, ‘स’ यांस जोडून त्यांस पूर्ण करण्याच्याही कामीं येत असल्यामुळें आरंभीं बराच घोटाळा झाला. एकंदर १९३ चिन्हांपैकीं १५१ मुद्रितांवरून लागलीं. उरलेल्यांपैकीं बरींच जोडाक्षरें असून तीं संदर्भानें लागलीं. ‘इति श्री’च्या पुढें काय येणार हें पोथ्या पाहिलेल्या माणसास सांगावें लागत नाहीं.

अंकांनीं मात्र फार छळलें. मुद्रितांच्या चार पृष्ठांत ७ व ९ हे अंक नेमके आले नव्हते, व त्यांची दोन चिन्हें तर समोर होतीं. कोणतें कोणाचें हें ठरेना. शकांतील एका अंकाची अदलाबदल म्हणजे पोथीच्या वयांत वीस किंवा दोनशें वर्षांची चूक. अखेर एका पुष्पिकेनें सोडविलें. तींत शके १६ नंतर तें अनोळखी चिन्ह, मग ८, व पुढें ‘दुर्मुखनाम संवत्सरे’ असें होतें. शकांत १२ मिळवून ६० नें भागिल्यास जी बाकी राहते तितकाच प्रभवापासून संवत्सर मोजावयाचा, हें गणित वाचकांच्या नित्याच्या सरावांतलें आहे. १६७८ धरल्यास बाकी १० राहते, म्हणजे धाता. १६९८ धरल्यास बाकी ३०, म्हणजे दुर्मुख. साठ वर्षांच्या आवर्तनानें १६३८ हाही दुर्मुखच होतो, परंतु ३ चें चिन्ह मुद्रितांत आलेलें असून तें निराळें होतें. तेव्हां अनोळखी चिन्ह ९ चें ठरलें व दुसरें आपोआप ७ चें. या एका निर्णयानें एकोणीस पोथ्यांचे शक जागीं बसले. ताळा म्हणून ज्यांत संवत्सर दिलेला होता अशा आणखी सहा पुष्पिका तपासल्या. पांच जुळल्या, सहावींत मूळ लेखकाचीच चूक दिसते.

याप्रमाणें दुसऱ्या भागांतील १२४ नोंदी जवळजवळ पूर्ण वाचल्या गेल्या आहेत. अकरा चिन्हें अद्याप लागलेलीं नाहींत. तीं सर्व महानुभावी पुष्पिकांच्या आरंभीं येतात, म्हणजे ज्यांसाठीं तो टंक मुद्दाम केला तींच संकेतचिन्हें तीं असावींत. त्यांच्यावांचून नऊ पोथ्यांची परंपरा सांगतां येत नाहीं, आणि या नऊपैकीं सात पोथ्या आज कोठेंही अस्तित्वांत असल्याचें आम्हांस आढळलेलें नाहीं.

वाचकांस आमची विनंति दोन प्रकारची आहे. ज्या संग्राहकांनीं आपल्या याद्या किंवा नकला १९८५ ते २००५ या काळांत यंत्रावर करविल्या असतील, त्यांनीं फ्लॉपीबरोबर त्याच मजकुराचें निदान एक छापील पृष्ठ, टंकाचें नांव व कोणत्या यंत्रावर काम झालें हें लिहून एकाच पाकिटांत ठेवावें, व हस्तलिखित कार्डें कोणत्याही कारणानें टाकूं नयेत. दुसरी विनंति अशी कीं, वर्धा, आर्वी, पुलगांव, हिंगणघाट किंवा नागपूर, अमरावतीकडील छापखान्यांतून १९९६ ते २००० च्या सुमाराचे संगणक, त्यांच्या आंतील सुट्या काढलेल्या चकत्या, अथवा कारागिरांनीं कळफलकाशेजारीं भिंतीवर चिकटविलेले हातानें काढलेले अक्षरतक्ते कोणाकडे अडगळींत असतील, तर ती अडगळ काढण्यापूर्वीं मंडळास एक पत्र टाकावें. यंत्र न्यावयास आम्ही स्वतः येऊं. तूर्त आमच्या घराच्या माजघरांत दोन ट्रंका ठेवण्यापुरती जागा आहे. तक्ता हातीं आल्यास उरलेल्या नऊ नोंदींसह संपूर्ण यादी मंडळाकडे छापावयास देण्याचा मानस आहे.